तपासणीचा पाळणा

माझ्या सगळ्या नोकरीत शाळेत नवा म्हणावा असा एकच उपक्रम झाला, आणि तो मी केला नाही. तो माझ्या तोंडून रागात निसटलेल्या एका वाक्यातून झाला. आता नातीच्या शाळेत गेले की भिंतीवर रंगीत तक्ते दिसतात, दोऱ्याला टांगलेले कागदी पक्षी दिसतात, आणि तिथल्या तरुण बाई माझ्या कानाशी येऊन सांगतात, "आजी, पुढच्या आठवड्यात तपासणी आहे ना." मला हसू येतं. या अंकाच्या संपादकांनी "तुमच्या काळात शाळांमधून काही नवं केलं जायचं का" असं विचारलं, तेव्हाही आधी हसूच आलं. 'तुमच्या काळात' म्हणजे आम्ही छडी घेऊन बसायचो आणि मुलं पाढे घोकायची, अशी लोकांची समजूत असते. ती खोटी नाही. पण आमच्याकडे त्या पाढ्यांवर तान्ही मुलं झोपी जायची, हे लोकांना माहीत नसतं.

गोष्ट बहात्तरच्या दुष्काळातली. कर्जत तालुक्यातलं एक गाव. नाव सांगत नाही, कारण या हकिगतीतल्या काही माणसांची नातवंडं आज माझ्या ओळखीची आहेत आणि मला त्यांच्या लग्नांना जायचं असतं. शाळा जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंत, दोन शिक्षकी. दोन शिक्षकी शाळा म्हणजे वर्ग चार, खोल्या दोन आणि शिक्षक दोन. एका वर्गाला तोंडी शिकवायचं तेव्हा दुसऱ्याला पाटीवर काहीतरी लिहायला लावायचं, आणि दोन्हीकडे एकाच वेळी डोळे वटारायचे. हे जमायला वर्षभर लागतं. जमलं की मग घरच्या माणसांशी बोलतानाही डोळे तसेच राहतात.

मुख्याध्यापक टेकाडे गुरुजी. धोतर, कोट, काळी टोपी. त्यांच्याकडे दुसरी आणि तिसरी होती, माझ्याकडे पहिली आणि चौथी. पहिलीची मुलं रडतात आणि चौथीची परीक्षा असते, तेव्हा दोन्ही ताप एकाच ठिकाणी असलेले बरे, असा त्यांचा हिशेब. मी नगरहून आलेली, विशीतली, नवी. त्यामुळे तो हिशेब मला मान्य करावा लागला. गुरुजी माणूस सरळ, पण शिस्तीचे. "शाळेत पाटी, पुस्तक आणि पोर, या तीन गोष्टींखेरीज काही येता कामा नये," असं ते म्हणत. छडी त्यांनी मोजली नव्हती.

त्या वर्षी पावसाने नुसतं तोंड दाखवलं. गावाबाहेर पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं आणि धडधाकट बाया-पुरुष सगळे खडी फोडायला आणि माती वाहायला जाऊ लागले. रेशनवर मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, मिळायची. तिची भाकरी थापली तर चिरते आणि भाजली तर वातड होते, असं बाया सांगायच्या. या सगळ्यावर पुष्कळांनी लिहिलं आहे, माझ्यापेक्षा चांगलं. मला शाळेच्या दारातून जे दिसलं तेवढंच सांगते. मला दिसलं ते असं की आधी मुली गेल्या.

मुलगे येत राहिले, कारण शाळेत सुकडी, म्हणजे भाजक्या पिठाचा गोड भुगा, वाटली जायची. मुली मात्र एकेक करून दिसेनाशा झाल्या. आई तलावावर गेली की घरातलं तान्हं कोणाच्या तरी कडेवर हवं, आणि ती कड थोरल्या मुलीची असायची. मी हजेरी घ्यायची, नाव पुकारायची, आणि कोणीतरी मुलगा शांतपणे सांगायचा, "बाई, ती पोराला घेऊन बसलीय." जणू ती कुठे नोकरीलाच लागली होती.

त्यांत हौसा होती. चौथीतली, भागाबाईची थोरली. तोंडी हिशेबात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. मी प्रश्न पुरा करायच्या आत ती उत्तर द्यायची आणि मग आपण आगाऊपणा केला म्हणून स्वतःच घाबरायची. चौथीची परीक्षा तेव्हा केंद्रावर व्हायची, म्हणजे जवळच्या मोठ्या गावच्या शाळेत, परक्या मास्तरांपुढे. ती पास झाल्याशिवाय पाचवीत नाव घालत नसत. भागाबाईने हौसाला तिथवर शिकवायचं ठरवलं होतं, तेही नवऱ्याशी भांडून. आदल्या वर्षी हौसाची चुलतबहीण त्या परीक्षेला जाऊ शकली नव्हती, ती आता सासरी शेण सारवत होती. हौसाची परीक्षा हुकली की तिचंही तेच होणार, यात कोणाला शंका नव्हती. हौसालाही नव्हती.

म्हणून मी एका संध्याकाळी भागाबाईच्या दारात गेले. ती नुकती कामावरून आली होती. केसांवर, भुवयांवर दगडाची पांढरी भुकटी. हौसा उंबऱ्यात बसली होती आणि तिच्या मांडीवर तिचा भाऊ किसन, काही महिन्यांचा, मूठ चोखत होता.

"हौसाला शाळेत पाठव," मी म्हटलं.

"पाठवती की. अन ह्याला कुनी घ्यायचं? म्या खडी फोडू का ह्याला सांबाळू? संगं न्हेला तर मुकादम वरडतोय, पोराच्या नाकात धुरळा जातोय म्हनून. त्येचं बी खरंच हाय."

"परीक्षा आली जवळ."

"मला काय कळत न्हाई व्हय, बाई? पर पोर काय खुटीला अडकवून जाऊ?"

दिवसभर पहिलीच्या पोरांनी माझं डोकं उठवलेलं होतं. मी तिरसटून म्हणाले, "मग आण म्हणावं त्याला पण शाळेत."

भागाबाईने हातातलं तांब्याचं भांडं खाली ठेवलं. "चालतंय?"

ती टोमणा ओळखेल असं मला वाटलं होतं. तिने तो शब्दशः घेतला, आणि हौसा माझ्याकडे अशी बघत होती की मला नाही म्हणवेना. "चालतंय," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी हौसा किसनला घेऊन आली. तिसऱ्या दिवशी गावात बातमी पसरली की बाईंनी शाळेत पोरं आणायला सांगितली आहेत, आणि बेपत्ता झालेल्या सगळ्या मुली कडेवर एकेक भावंड घेऊन हजर झाल्या. आईने काजळाची तीट लावून दिलेली. कोणी रांगत होतं, कोणी फळ्याचा खडू खात होतं. एक रडलं की सगळी रडत. माझी पहिलीची मुलं, जी आता कुठे रडायची थांबली होती, ती जुनी आठवण येऊन पुन्हा सुरू झाली.

गुरुजी दारात उभे राहिले.

"बाई, हे काय आहे?"

"किसन आहे, गुरुजी. भागाबाईचा."

"नाव नाही विचारलं मी."

"शाळेत पाटी, पुस्तक आणि पोर चालतं, असं तुम्हीच म्हणता."

गुरुजींनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि टोपी पुन्हा घातली. ते इतकंच म्हणाले, "ही चौथी आहे की बाळंतिणीची खोली?" आणि आपल्या वर्गात गेले. पण त्यांनी कोणाला घरी पाठवलं नाही. हजेरीत मुलींची नावं पुकारली की पुन्हा 'हजर' ऐकू येत होतं. त्यांची शिस्तही त्यापुढे जरा नमली असावी.

पाळण्याची कल्पना माझी नाही, हे आताच सांगून टाकते. तिसऱ्या की चौथ्या दिवशी हौसाने आईचं विटलेलं लुगडं आणलं आणि तुळईला झोळी बांधायचा घाट घातला. हात पुरेना. तेवढ्यात चौथीतल्याच मुमताजचे वडील बबनभाई शेख काही कामाने आले होते. त्यांची बैलगाडी होती, पण त्या वर्षी वैरणीअभावी बैलं बारीक झालेली आणि गाडी बहुतेक उभीच असायची. त्यांनी गाठ बघितली आणि मान हलवली.

"ही गाठ सुटंल, बाई. पोर पडंल कुनाचं तरी. थांबा."

ते घरी जाऊन बैलाचा कासरा घेऊन आले, टेबलावर चढले आणि त्यांनी अशी गाठ मारली की पुढे ती सोडवायलाही त्यांनाच बोलवावं लागलं. मग दुसरी झोळी, मग तिसरी. मुमताजची धाकटी बहीण पहिल्या झोळीत, किसन दुसरीत. पण झोका देणाऱ्या मुलीचा एक हात अडकून राहायचा आणि पाटी मांडीवरून घसरायची. हौसाने मग झोळीला सुतळी बांधली आणि तिचं दुसरं टोक पायाच्या अंगठ्याला. पाय हलला की झोळी हलायची. दोन्ही हात पाटीला मोकळे. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या मुलींच्या अंगठ्याला सुतळी होती.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. पाढे पाठ करून घेण्यात खरी अडचण पाठांतराची नसते. मुलं चालीवर म्हणत जातात, मधलं एखादं गाळतात किंवा भलतंच म्हणतात, आणि तीसजणांच्या गलक्यात ते कळत नाही. झोळ्या आल्यावर ते कळायला लागलं. मुली पाढा म्हणत आणि त्याच ठेक्यावर अंगठा ओढत. सतरा चोक अडुसष्ट, झोका. सतरा पाचे पंच्याऐंशी, झोका. कोणी अडखळली की अंगठा थांबायचा, अंगठा थांबला की झोळी अडखळायची, आणि आतलं पोर डोळे उघडून तोंड वाकडं करायचं. त्यामुळे मुली घरी बसून पाढे पक्के करून येऊ लागल्या. किसनइतका कडक परीक्षक मी नंतर कुठल्याही केंद्रावर पाहिला नाही. तेराच्या पाढ्यावर तो हमखास झोपायचा आणि एकोणतीसच्या पाढ्यावर हमखास उठायचा.

पोरांचंही बरं चाललं होतं. सुकडी पाण्यात कालवून चमच्याने त्यांनाही मिळायची, धुळीत पडायची पाळी नव्हती. भागाबाई एकदा वाटेत भेटली तर म्हणाली, "आता हातोडा मारताना मागं बघावं लागत न्हाई." मला ते फार आवडलं, म्हणून लक्षात राहिलं.

मग तपासणी झाली. पंचायत समितीचे शिक्षण विस्तार अधिकारी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब. ते येणार असले की आदल्या दिवशी शेजारच्या गावाहून निरोप यायचा, म्हणून तालुक्यातल्या सगळ्या शाळा नेहमी छान असायच्या. या वेळी निरोप आला नाही. साहेब फटफटी बाहेर लावून सरळ माझ्या वर्गात आले तेव्हा चौथी एकवीसचा पाढा म्हणत होती आणि सगळ्या झोळ्या एका तालात हलत होत्या.

साहेब बराच वेळ वर बघत राहिले. मग म्हणाले, "शासकीय इमारतीच्या तुळईला दोर बांधायची परवानगी कोणी दिली?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात गुरुजी पलीकडच्या खोलीतून धावत आले. धोतराचा सोगा हातात, चेहरा पांढराफटक. मला वाटलं, आता ते सगळं माझ्यावर ढकलणार. ते म्हणाले, "हा आमच्या शाळेचा उपक्रम आहे, साहेब."

हा शब्द त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारला असावा. तो कुठून सुचला ते त्यांनाही नंतर सांगता आलं नाही. साहेबांचा चेहरा मात्र बदलला. नगरहून त्यांना सारखं विचारणं होत होतं की दुष्काळात मुलांची गळती थांबवायला तुमच्या तालुक्याने काय नवं केलं, आणि तालुक्याने काहीही केलेलं नव्हतं. साहेबांनी मुली मोजल्या. हौसाला एक हिशेब घातला. तिने अंगठा न थांबवता उत्तर दिलं. साहेब झोळीत डोकावले, तर किसनने त्यांच्या चष्म्याला हात घातला.

"उपक्रम," साहेब म्हणाले. "लिहून काढा."

महिन्याभरात परिपत्रक आलं. प्रत्येक शाळेने पाळणा बांधावा. पाळणा जमिनीपासून अमुक उंचीवर असावा, कापड स्वच्छ आणि शक्यतो एकरंगी असावं, जवळच्या भिंतीवर योग्य ते सुवचन असावं. पाळण्यात मूल असावं असं त्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे जिथे तान्ही मुलं नव्हती, जिथे मुली कधीच येत नव्हत्या, जिथे नुसते मुलगे होते, तिथेही पाळणे चढले. एका मास्तरांनी म्हणे घोडेगावच्या बाजारातून बैलाची घुंगरमाळ आणून पाळण्याला बांधली. साहेब खूश झाले, आणि त्या शाळेच्या आसपासचं एकही पोर महिनाभर दुपारी झोपलं नाही. याच सुमारास पंचायत समितीच्या भिंतीवर कुटुंबनियोजनाचा मोठा लाल त्रिकोण रंगवलेला होता. शिक्षणवाले पाळणे बांधा म्हणत होते, आरोग्यवाले पाळणे थांबवा म्हणत होते, आणि दोन्ही खात्यांची दारं एकाच व्हरांड्यात उघडत होती.

मी त्या परिपत्रकाला फार हसले. गुरुजींच्या देखत हसले, गुरुजींना वाईट वाटेपर्यंत हसले. त्यांना आता पाळण्यांचा अभिमान वाटू लागला होता.

मग साहेबांचा निरोप आला की नगरहून समिती येणार आहे. मूळ पाळणा शाळा बघायला. पुरुष-बाया मिळून पाच-सात मोठी माणसं. तयारी ठेवा, आणि विशेषतः ती अंगठ्याला सुतळी बांधणारी मुलगी हजर ठेवा. तारीख बघितली, तर तो चौथीच्या परीक्षेचा दिवस होता.

मी साहेबांकडे गेले. ते मला बसा म्हणाले, चहा मागवला. माणूस वाईट नव्हता.

"बाई, समितीची तारीख आपल्या हातात नाही."

"परीक्षेची तरी कुणाच्या हातात आहे? हौसा परीक्षेला जाणार, साहेब."

"बाकीची जाऊ देत की. एका मुलीचं काय? पुढच्या वर्षी देईल. अख्ख्या जिल्ह्याच्या मुलींचा प्रश्न आहे हा."

"तिला पुढचं वर्ष नाही, साहेब."

"असं का म्हणता? तिच्याचसाठी तर उपक्रम केलात तुम्ही."

हे ते अगदी मनापासून बोलत होते. मुलीला शाळेत ठेवण्यासाठी केलेला पाळणा दाखवायला त्या मुलीने परीक्षा सोडायची, यात त्यांना काही चमत्कारिक वाटत नव्हतं. मला राग आला तो इतका की चहा तसाच सोडून मी उठले. वाटेत मात्र रडू आलं. भागाबाईला काय सांगायचं, तेच कळेना. "चालतंय" म्हणणारी मीच होते.

गुरुजींना येऊन सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि साहेबांना चिठ्ठी लिहिली की सर्व तयारी आदेशाप्रमाणे ठेवतो. मला ते पाठीत सुरा खुपसल्यासारखं वाटलं. दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले.

परीक्षेच्या दिवशी सकाळी शाळेसमोर बबनभाईंची गाडी उभी होती. बैलं तीच, बारीक, पण शिंगं पुसलेली. गाडीत चौथीची सगळी मुलं बसलेली, मुमताज, आणि तिच्या शेजारी हौसा, तेल लावून चापून बसवलेल्या वेण्यांची. मी गुरुजींकडे बघितलं.

"परीक्षेला उशीर होईल," ते म्हणाले. "बबनभाई, हाका."

"आनि ह्यो?" हौसाने विचारलं. किसन तिच्या कडेवर होता.

"दे इकडे," गुरुजी म्हणाले.

त्यांनी किसनला घेतलं, दोन्ही हातांनी, लांब धरून. गाडी गेली.

समिती ऊन चढल्यावर आली. जीपमधून साहेबही उतरले. हारतुरे झाले, नारळ झाला. साहेबांनी वर्गात नजर फिरवली आणि आवाज खाली घेऊन विचारलं, "टेकाडे, ती मुलगी कुठे आहे?"

"परीक्षेला."

"मी काय कळवलं होतं?"

"उपक्रम शाळेचा आहे, साहेब, मुलीचा नाही," गुरुजी म्हणाले. आणि कोट घातलेले, टोपी घातलेले, सेवानिवृत्तीला आलेले टेकाडे गुरुजी सगळ्या समितीसमोर जमिनीवर बसले. त्यांनी पाय लांब केला, किसनच्या झोळीची सुतळी आपल्या अंगठ्याला बांधली आणि औटकी म्हणायला सुरुवात केली. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, जुन्या माणसांचा. समितीतल्या कोणालाच तो येत नसावा, कारण सगळे गंभीरपणे माना डोलावत होते. पलीकडच्या खोलीतून आणून बसवलेली तिसरीची मुलं आधी हसली, मग गुरुजींच्या मागून म्हणू लागली. किसनने गुरुजींचा तो घोगरा आवाज ऐकून थोडा विचार केला आणि झोपून गेला. औटकी संपली, गुरुजींनी पुन्हा पहिल्यापासून धरली. सकाळपासूनची धावपळ, उपाशी पोट, खोलीत ऊब. हळूहळू त्यांची मान छातीवर आली. अंगठा मात्र चालू होता.

समितीतल्या एक बाई ओठांवर बोट ठेवून म्हणाल्या, "चला, उठतील दोघं." सगळे पाय न वाजवता बाहेर गेले. साहेबांनी जाताना माझ्याकडे असं पाहिलं की माझी बदली आता जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला कुठेतरी नक्की, असं मला वाटलं. पुढे काहीच झालं नाही. समितीने अहवालात म्हणे लिहिलं की शिक्षकही उपक्रमाशी एकरूप झाल्याचे आढळले.

गुरुजींची मी माफी मागितली नाही. मी त्यांना त्या दिवशी माझ्या डब्यातली अर्धी भाकरी दिली आणि त्यांनी ती घेतली, एवढंच.

हौसा पास झाली, चांगल्या मार्कांनी. आणि त्याच जूनमध्ये पाऊस पडला. तलावाचं काम मंदावलं, लोक रानात परतले, झोळ्या एकेक करून उतरल्या. गाठी सोडायला बबनभाईंना बोलावलं. सगळं गाव खुशीत होतं, मीही होते. पाचवीचे प्रवेश सुरू झाले आणि हौसाचं नाव काही आलं नाही.

पुन्हा भागाबाईचं दार. ती खुरपणीला निघाली होती.

"चवथी झाली न्हवं? बास की, बाई. तुमी लई केलं. आता पावसानं रान आलंय, म्या दिसभर वाकून. किसन आता रांगतोय, कुटं बी जातोय. तुमच्या शाळंत झोळी हुती. त्या मोठ्या शाळंत कोन बांदनार हाय?"

हौसा आत भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज थांबला होता.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि एकदम मला ते परिपत्रक आठवलं. ज्याला मी एवढी हसले होते ते. प्रत्येक शाळेने.

"आहे, भागाबाई," मी म्हटलं. "तिथेही पाळणा आहे. सरकारी हुकूम आहे."

दुसऱ्या दिवशी मी हौसाला घेऊन त्या मोठ्या गावच्या शाळेत गेले. किसन तिच्या कडेवर, चांगलाच जड झालेला, त्यामुळे ती एका अंगाला कलून चालत होती. पाचवीच्या वर्गात खरंच पाळणा होता. लाकडी, रंगवलेला, जरीच्या काठाचा, वर कागदी फुलं, शेजारी भिंतीवर सुवचन. आणि आत, मऊ गादीवर, डोळे मिटणारी एक मोठी बाहुली.

हौसाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने किसनला खाली ठेवलं, दोन्ही हातांनी बाहुली उचलली, आणि ती कुठे ठेवायची ते न कळून इकडेतिकडे बघू लागली. हेडमास्तर घाईघाईने पुढे आले.

"अहो बाई, हा तपासणीचा पाळणा आहे."

हौसाने बाहुली त्यांच्या हातात दिली, किसनला पाळण्यात बसवलं, परकराच्या ओच्यातून सुतळी काढली आणि अंगठ्याला बांधून ती पहिल्या रांगेत जाऊन बसली.

"होय," मी म्हटलं. "तपासून घ्या."